मागचं अंग टाकणारी जीप

गाडी गॅरेजला आली की मालक दोन गोष्टी विचारतो. काय झालंय, आणि कुणामुळं झालंय. पहिल्याचं उत्तर देणं माझं काम. दुसऱ्यात मी कधी पडलो नाही. ड्रायव्हर म्हणतो मालकानं ऑइल बदललं नाही, मालक म्हणतो ड्रायव्हरनं रेमटवली, आणि दोघंही माझ्या तोंडाकडं बघतात. अशा वेळी मी गाडीखाली जातो. गाडीखालच्या माणसाला कुणी साक्षीला बोलवत नाही.

साताऱ्याचे एक सुभेदारसाहेब होते. त्यांच्या जीपमधून खडखड येत होती आणि ‘तुमच्याच गॅरेजात कुणीतरी पाना विसरलाय’ असं ते रस्त्यावर उभं राहून सांगत होते. मी जीपची सीट उचलली, त्यांचाच पलटणीतला चहाचा मग काढून त्यांच्या हातात दिला. सुभेदारसाहेबांनी तो मग पुसला, त्यातूनच चहा प्याले आणि निघून गेले. कुणामुळं, याचं उत्तर असं तोंड न उघडता देता आलं तर बरं असतं. एकदा मात्र तोंड उघडावं लागलं. ती हकिकत सांगतो.

त्याआधी माझं सांगतो. विट्यात कऱ्हाड रस्त्याला माझं गॅरेज आहे. शटर अजून मीच उघडतो. गुडघे गेलेत, खड्ड्यात उतरताना कुणाचा तरी खांदा लागतो, पण कान शाबूत आहेत. रमजान मिस्त्री म्हटलं की जीपवाले ओळखतात. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी जास्त आग्रह केला म्हणून. मुलगी म्हणाली, “अब्बा, तुम्ही बोला, मी लिहिते.” मी म्हटलं, माझं मी लिहीन. अक्षर वाईट आहे, पण माझं आहे.

आयुष्यभर जीपचंच काम केलं. कार आली की पुढच्या गॅरेजाचा दरवाजा दाखवायचो. याचं कारण साधं आहे. हल्लीच्या कारना पुढची चाकं ओढतात. म्हणजे बैलगाडीसारखं, बैल पुढं, गाडा मागं, बैल जाईल तिकडं गाडा गुमान येतो. आपली जुनी जीप मागच्या चाकांनी ढकलली जाते. ती भाजीवाल्याचा हातगाडा. दोन हातांनी मागून ढकलायचा, आणि एका हाताचा जोर जरा जास्त झाला की गाडा तिरका. म्हणून जीपचं मागचं अंग ज्याला कळलं त्याला जीप कळली.

या मागच्या अंगात चाकांचा ॲक्सल असतो आणि तो डाव्या-उजव्या बाजूला पाट्यांच्या गड्ड्यांवर बांधलेला असतो. पाटे म्हणजे पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या, एकावर एक रचून मधे बोल्टनं आवळलेल्या. लोकांना वाटतं पाटे खड्ड्यातले दणके खायला असतात. तेवढंच नसतं. ॲक्सलला जागेवर धरून ठेवायचं कामही पाटेच करतात. इंजिनानं जोर लावला की चाक पुढं फिरतं आणि ॲक्सल उलटा, म्हणजे नाक वर करून फिरायला बघतो. दांडगा बैल मान उचलतो तसा. त्याची ती मान पाटे दाबून धरतात. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमच्या गावाजवळ एक तात्या आहेत. एकेकाळी विटा ते मायणी वडाप करायचे. वडाप म्हणजे भरेल तेवढी माणसं भरून चालणारी जीप. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून पटणार नाही. वडाप बंद झालं, जीप दारात उभी राहिली. तात्यांचा मुलगा सुरेश तमिळनाडूत गलाईच्या दुकानात. सोनं आटवायचं काम, आमच्या भागातली निम्मी घरं त्याच्यावर चाललीत. सुरेश सुट्टीला आला आणि बापाच्या जीपला नटवून गेला. अपघातातल्या एका मोठ्या गाडीचं दणकट इंजिन बसवलं, रुंद टायर घातले, खालीवर काळा रंग फासला. नवरदेवासारखी दिसायला लागली. पाट्यांना कुणी हात लावला नाही, फक्त रंग दिला.

जीप चालवायची सुरेशची बायको अनिता. तिची पोल्ट्री आहे. सकाळी अंड्यांचे ट्रे भरून कऱ्हाडला बेकऱ्यांना, हॉटेलांना पोचवायचे आणि रिकामी गाडी परत. भाड्याचा टेम्पो तिनं बंद केला होता. स्वतःची गाडी, स्वतःची वेळ, म्हणून गिऱ्हाईक वाढलं होतं.

उसाच्या हंगामात एके दिवशी ती रिकामी परत येत होती. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. त्याला ओलांडायचं म्हणजे एक अख्खं घर ओलांडायचं असतं, आणि समोरून काही यायच्या आत. तिनं गिअर खाली घेतला आणि दाबली. जीपनं मागचं अंग उजवीकडं टाकलं, तोंड वळलं डावीकडं, थेट ट्रॉलीच्या चाकांकडं. तिनं पाय सोडला, स्टेअरिंग उजवीकडं ओढलं, आणि जीप रस्ता ओलांडून पलीकडच्या चरीत जाऊन बसली. तिला खरचटलंसुद्धा नाही. रिकामे ट्रे मात्र उसाच्या फडापर्यंत उडाले.

संध्याकाळपर्यंत चौकात एकच विषय. बाईच्या हातात एवढं इंजिन दिल्यावर दुसरं काय होणार. तात्यांनी चावी काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जीप चालवत माझ्याकडं आले. अनिता शेजारी बसलेली.

“मिस्त्री, बघ बाबा. कायतरी मोडलं असलं तर सांग,” तात्या म्हणाले. “न्हाईतर रविवारी फलटणचं गिऱ्हाईक येतंय. दिऊन टाकतो.”

“आणि काय मोडलं नसंल तर?”

“तर मग हात मोडका हाय, गाडी न्हाई.”

हे तिच्यासमोर. अनिता खाली उतरली, पदर खोचला आणि मला म्हणाली, “चाचा, माझाच हात मोडका असंल तर तसं तोंडावर सांगा. पर आदी गाडी बगा. ही पहिली खेप न्हाई. ह्याच्या आदी बी दोनदा अंग टाकलंय तिनं. मी बोलले न्हाई, कारण बोलले असते तर चावी तवाच गेली असती.”

झालं. दुसरा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. जीप गेली की तिचा धंदा परत टेम्पोवाल्याच्या मर्जीवर, आणि ‘हिच्या हाताला गाडी ऐकत नाही’ हे जन्मभर कपाळाला.

मी नेहमीसारखी सुरुवात केली. चाकं हलवून बघितली, ब्रेक धरतोय का बघितलं, टायरची हवा सारखी केली. पाट्यांच्या टोकाचे रबरी बूश थोडे खाल्लेले होते, ते बदलले. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळले. कऱ्हाडला पाठवून अलाइनमेंट करून घेतली. तिथल्या माणसानं फोन केला, “चाचा, गाडी सुतात हाय.” त्याचं खरं होतं. उभी गाडी सुतातच होती.

मग मी चालवली. मायणी रस्त्याला लांबवर गेलो. काही नाही. तात्यांनी चालवली. काही नाही. परत आल्यावर तात्यांनी चावी हातात खुळखुळवली. “बगितलंस न्हवं? दोगांच्या हातात गरीब गाय. आता सांग.”

माझाही त्यांच्यासारखाच समज व्हायला लागला होता. अनिता बाजूच्या दगडावर बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, “तुमी दोगं वरातीत चालवल्यागत चालवताय. असं चालवल्यावर माझ्या हातात बी गायच हाय ती.”

मला राग आला. माझ्या गॅरेजात मला गाडी चालवायची शिकवते! पण राग उतरायच्या आधीच बात डोक्यात शिरली. तात्यांचा पाय वडापाचा. टपावर माणसं, पायरीवर माणसं, डिझेल वाचवायचं. गिअर लवकर बदलायचा आणि रेटत न्यायची. माझा पायही त्याच काळातला. आम्ही दोघं त्या इंजिनाला जागंच करत नव्हतो. तिला विचारलं, तर अंड्यांनी भरलेली असताना गाडीनं कधी अंग टाकलं नव्हतं, कारण भरल्या गाडीत ती हळू चालवायची. रिकामी असली आणि जोर लावला तरच दुखणं.

मी म्हटलं, “तात्या, चावी हिच्याकडं द्या.”

“परत चरीत घालायची हाय का?”

“आवं, दुखणं हिच्या हातात उठतंय तर बगायला हिचाच हात पायजे. ताप आलाय धाकट्याला, आन नाडी थोरल्याची बगत बसू व्हय?”

तात्यांनी चावी दिली, पण माझ्याकडं बघत दिली, तिच्याकडं नाही.

जनावरांच्या बाजाराचं मैदान बाजार नसला की मोकळंच असतं. वर बारीक माती, चाकाचा माग स्वच्छ उमटतो. खो-खोच्या मैदानाला टाकतात ती पांढरी फक्की आणली आणि दोरी धरून एक लांब सरळ रेघ मारली. अनिताला सांगितलं, “पुडचं उजवं चाक ह्या रेघंवर ठिवायचं. पयल्यांदा हळू. मग मी हात वर केला की दुसऱ्या गिअरात दाब. हात खाली केला की सोड.”

हळू गेली तेव्हा मागचं चाक पुढच्याच्या मागात पडत गेलं. मातीत एकच माग. परत आली, मी हात वर केला, तिनं दाबली. जीप अशी ओरडली की बाजारातली कुत्री पळाली. हात खाली केला. ती थांबली.

मी आणि तात्या माग बघत चालत गेलो. जिथं दाबली तिथून माग फुटला होता. पुढच्या चाकाचा माग सरळ फक्कीवर, मागच्या चाकाचा चार बोटं उजवीकडं. जिथं सोडली तिथं परत दोन्ही एक. म्हणजे सांगायला नको. हात वाकडा असता तर पुढचं चाक रेघेवरून उतरलं असतं. पुढचं चाक शेवटपर्यंत पांढऱ्यावर होतं.

“तात्या, बगा. हात सरळ हाय.”

तात्या खाली वाकले, बघितलं, उठले. “मैदान उतरतं आसंल.”

“मग उलट्या दिशेनं घिऊ.”

उलट्या दिशेनं घेतली. तसाच माग, तसाच उजवीकडं. तात्यांनी तंबाखूची डबी काढली. मी तिच्यातला चुना मागून घेतला. तात्यांना वाटलं मलाही तंबाखू पाहिजे.

तो चुना पाण्यात कालवून मी जीपखाली गेलो आणि दोन्ही बाजूंच्या पाट्यांच्या गड्ड्यांवर बाजूनं, वरपासून खालपर्यंत, उभ्या रेघा ओढल्या. मध्यापासून पुढच्या टोकापर्यंत, थोड्या थोड्या अंतरावर. पाटे वाकले की एकमेकांवर सरकतात. सरकले की रेघ तुटते. जेवढे जास्त वाकले तेवढी जास्त तुटते. रेघ वाळू दिली आणि अनिताला परत दाबायला लावलं.

डाव्या गड्ड्यावरची रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटली होती. उजव्यावरची जवळजवळ आख्खी. म्हणजे इंजिन जोर करायचं, ॲक्सल मान उचलायचा, डावा गड्डा वाकून त्याला पुढं सरकू द्यायचा, उजवा ढिम्म. डावं चाक पुढं, उजवं मागं. हातगाडा तिरका. मागचं अंग उजवीकडं गेलं की तोंड डावीकडं, ट्रॉलीकडं.

पण उजवा ढिम्म का? तेव्हा मी पहिल्यांदा पाटे मोजले. उजवीकडं एक पाटा जास्त होता.

इथं मला थोडं थांबून सांगावं लागेल, कारण तुम्ही म्हणाल, एवढा मिस्त्री आणि पाटे मोजायला शेवटी आठवलं? तो पाटा मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. दिसत होता, खुपत नव्हता. आमच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या वडापाच्या जीपना उजव्या बाजूला एक पाटा जास्त असायचा. वडापात ड्रायव्हर खिडकीला बसत नसतो. तो मधे दाबून बसतो आणि त्याच्या उजव्या हातालाही एक गिऱ्हाईक बसतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. त्याच्या मागंही तशीच दाटी. गाडी उजवीकडं कलायची. मग पाटेवाल्या लोहाराकडं जायचं आणि उजव्या अंगाला एक पाटा वाढवून आणायचा. ही युक्ती कुणाची, ठाऊक नाही. सगळे करत होते म्हणून सगळे करत होते. मीसुद्धा कितीतरी गाड्या त्या लोहाराकडं पाठवल्या. जुन्या इंजिनात पाट्यांची परीक्षा घेण्याएवढा दमच नव्हता. माणसं गेली, वडाप गेलं, पाटा तिथंच राहिला. वापरून वापरून बसका झाला, त्यामुळं उभी गाडी सारखी दिसायची. वर काळा रंग. मग नवं इंजिन आलं आणि त्यानं विचारलं, हा इथं कशाला?

मी तात्यांना खाली वाकवून पाटा दाखवला. तात्या बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा म्हणाले, “त्यो पाटा काढायचा न्हाई.”

“का?”

“त्यो मी घातलाय. त्या पाट्यावर सुऱ्या शिकला. घराच्या भिती त्या पाट्यावर उभ्या राहिल्या.”

“घर पाडा म्हणतोय व्हय मी? पाटा काढा म्हणतोय.”

“दुसरं कायतरी कर. डावीकडं एक वाढव.”

“तसं केलं तर रिकामी गाडी दगडागत उडंल. अंड्यांचं आम्लेट करून कऱ्हाडला न्यायचंय काय?” मी म्हटलं. “तात्या, आर्दं काम माझ्या गॅरेजातनं भाईर पडत न्हाई. काढू द्यायचा नसंल तर आत्ता घिऊन जावा आन फलटणवाल्याला द्या. पर त्याला सांगून द्या.”

मी हट्टी आहे, तात्या माझ्यापेक्षा जास्त. दोघंही तोंड फिरवून उभे राहिलो. अनिता अजून स्टेअरिंगवरच बसलेली होती. तिनं तिथूनच विचारलं, “तात्या, तुमच्या येळंला उजव्या अंगाला माणूस हुता. आता तिथं कोण बसतंय?”

तात्या तंबाखू थुंकले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “काढ.”

नुसता काढून भागणार नव्हतं. त्या इंजिनाला दोन्ही अंगांना मान दाबून धरणारं काहीतरी पाहिजे होतं. दोन्ही गड्डे सोडवून सारखे केले, बसके पाटे काढले, आणि दोन्हींना ॲक्सलपासून पुढच्या अर्ध्यात एकेक आखूड, ताठ पाटा घातला. म्हणजे दणके खाताना मऊ, मान उचलताना ताठ. असे पाटे करून देणारा आमचा लोहार आता राहिला नाही. त्याच्या भट्टीच्या जागी पोरांनी मोबाइलचं दुकान टाकलंय. सांगलीला एक म्हातारा सापडला, तो मला म्हणाला, “आजून जीपच करताय व्हय?” मी म्हटलं, “आजून पाटंच करताय व्हय?” दोघंही हसलो, पण हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. आम्ही गेलो की ही कामं नेमकी कुणाकडं जाणार, हे ना त्याला ठाऊक, ना मला.

शनिवारी परत मैदानात गेलो. नवी फक्की मारली. अनिता बसली. मी बाजूला चढणार तोच तात्यांनी मला मागं सारलं आणि स्वतः डावीकडं चढून बसले. समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. आयुष्यात कधी दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत पुढं बसले नसावेत, असं अवघडून.

मी हात वर केला. अनिता तात्यांकडं बघत राहिली. पाय दाबेना.

तात्या ओरडले, “आता काय पूजा घालू का? दाब!”

तिनं दाबली. मैदानाच्या टोकापर्यंत दाबूनच नेली, माझा हात खाली आलेला तिनं बघितलाच नाही. धूळ बसल्यावर तात्या उतरले. माग बघत एकटेच चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. पांढऱ्या रेघेवर एकच माग. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “भूक लागलीया.”

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. नवे पाटे गाडी थोडी पळाल्यावर बसतात, म्हणून यू-बोल्ट परत आवळावे लागतात. हे काम मी कधी दुसऱ्यावर सोडत नाही. मी जीपखाली पडलेला होतो. अनिता मागं ट्रे भरत होती. तेवढ्यात फलटणचं गिऱ्हाईक आलं. चांगला पांढऱ्या कपड्यातला माणूस, उसाचा बागायतदार. त्यानं जीपभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली, बॉनेट उघडून इंजिन बघितलं आणि खूश झाला. मग तात्यांना जरा बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, “तात्या, एक इचारतो, राग मानू नका. सूनबाईनं चरीत घातली हुती म्हनं गाडी?”

माझा पाना थांबला. ट्रे ठेवल्याचे आवाजही थांबले.

“चरीत माझ्या पाट्यानं घातली,” तात्या म्हणाले. “तिनं ट्रॉलीखालनं काढली.”

त्या माणसाला काही कळलं नाही. तो म्हणाला, “म्हंजे? इकायची हाय का न्हाई?”

तात्यांनी चावी अनिताच्या हातात दिली आणि त्याला ओसरीवर खुर्ची पुढं केली.

“बसा,” ते म्हणाले, “च्या घ्या.”